स्पोक काळे राहिलेत

मोटरसायकल धुण्याच्या बाबतीत माझ्याकडे आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. परवा रविवारी एका पाहुण्याने दाखवलं. बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, आत शिरून, माझीच गाडी, माझंच पाणी, आणि वर निकालही त्यानेच दिला. राग अजून पुरता गेलेला नाही. घालवायची मला घाईही नाही.

गाडी म्हणजे जुनी स्प्लेंडर. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ ही दोन्ही नावं गुण्यागोविंदाने नांदतात, म्हणजे ती जोडी 2011 च्या सुमारास फुटली त्याच्या आधीची. इंजिन 97.2 सीसीचं, खडखडाट बुलेटच्या तोडीचा. घरीच का धुतो, तर नाक्यावरच्या वॉशिंगवाल्याकडे प्रेशरची बंदूक आहे आणि ती चालवणाऱ्या पोराला दयामाया नाही. चाकाच्या आसात, मीटरच्या फटीत, जिथे म्हणून पाणी जाऊ नये तिथे तो बरोब्बर नेम धरतो. बेअरिंगमधलं ग्रीस वाहून जातं आणि आठवड्याभराने चाक कुरकुरायला लागतं. तेव्हा पैसे देऊन दुखणं घेण्यापेक्षा घरचा पाईप बरा.

आमचं घर गुहागरला, खालच्या पाटाला. पुढे रस्ता, मागे माडा-पोफळींचं आगर, आगरामागे सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. पाहुणे आले की म्हणतात, “काय भाग्यवान हो तुम्ही!” त्यांना गंज माहीत नसतो. इथे बिजागऱ्या गंजतात, खिडकीचे गज गंजतात, कुलपं गंजतात, टीव्हीचा अँटेना गंजून कौलांवर पडायचा तो पुन्हा चढवायचा हा एके काळी दर वर्षीचा सण होता. इथे गाडी चालवून जेवढी झिजते त्याहून जास्त उभी राहून झिजते. खारा वारा रात्रभर तिच्यावर बसतो, सकाळी दव पडतं, मीठ त्यात विरघळतं आणि लोखंड खायला घेतं. म्हणून आम्हा किनाऱ्यावरच्यांना गाडी धुणं ही हौस नाही, औषधोपचार आहे.

माझी पद्धत ठरलेली आहे. गाडी आधी थंड होऊ द्यायची. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. चेनकव्हर खोलून चेन डिझेल आणि जुन्या टूथब्रशने घासायची. पूर्वी यासाठी रेशनवरचं निळं रॉकेल असायचं. आता डिझेल मागायला जावं तर पंपावरचा पोरगा बाटलीकडे असं बघतो की जणू मी तालुका पेटवायला निघालोय. ते एक असो. गाडी सावलीत धुवायची, पण माडाखाली नाही. सावलीपेक्षा डोकं महत्त्वाचं.

खरा प्रश्न पाण्याचा. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आकडा ऐकून घाटावरचे लोक हेव्याने गप्प होतात. पण खाली जांभा, तो चाळणीसारखा. पडलं तेवढं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं आणि मे महिन्यात आम्ही विहिरीत वाकून तळ बघत बसतो. समुद्रालगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी तोवर मचूळ झालेलं असतं. म्हणजे मिठाने गंजू नये म्हणून मी गाडी धुतो ती किंचित खाऱ्या पाण्याने. यावर हसायचं की रडायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आणि या सगळ्याला प्रेक्षक म्हणजे माई.

आमच्या आणि माईंच्या अंगणात एक गडगा आहे, तोही मधोमध ढासळलेला. दोन्ही घरांना तिथून ये-जा सोयीची पडते म्हणून कोणी तो रचायच्या भानगडीत पडत नाही. मे महिन्यात माईंचं अंगण सगळं आमसुलांच्या मालकीचं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं त्यांच्याच रसात बुडवून उन्हात पसरायची, गोळा करून पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत चढत ती काळी होतात. या दिवसांत माईंच्या अंगणावरून कावळा उडाला तरी त्याला जाब द्यावा लागतो. मी तर पाईप घेऊन उभा होतो.

मागचं मडगार्ड धुताना पाईपाचं तोंड अंगठ्याने दाबलं, त्यात दोन-चार थेंब गडग्यापलीकडे गेले असतील. असतील म्हणतो, कारण मी पाहिले नाहीत. माईंनी पाहिले.

“उडव, उडव! लाव साबण सगळ्या आमसुलांना.”

“साबण नाही माई, शांपू आहे. गाडीचा.”

“मग तर झालंच. साराला फेस आला की सांगेन हो जावयांना, बाळूने शांपू घातलाय, केस धुऊन घ्या.”

मी पाईप फिरवला. तेवढ्याने भागलं नाही. साबणाचं पाणी केळीकडे न सोडता चरातून परस्पर रस्त्याकडे सोड, अशी आज्ञा झाली. ते केलं. मग लक्ष चाकांकडे गेलं.

“त्या तारा काळ्या दिसतायत रे. आमसूल देऊ? तांब्याची कळशी बघ, कशी लखलखते.”

आंबटाने गंज सुटतो हे खरं आहे. पण सुटल्यावर खालचं लोखंड उघडं पडतं, त्याला ताबडतोब पुसून तेलाचा हात दिला नाही तर ते दुप्पट वेगाने गंजतं. हे मी माईंना समजावून सांगितलं. त्या “हं” म्हणाल्या. माईंचं “हं” म्हणजे तुझं तू बघ, पण मी सांगितलं होतं याला वरचा देव साक्षी आहे.

इतक्यात बेड्यासमोर एक पांढरी, उंच चारचाकी थांबली. एमएच 14, म्हणजे पिंपरी-चिंचवडची. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून आली असावी, आणि येता येता सरळ पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, उतरली होती हे सांगायला ज्योतिषी नको होता. चाकांच्या वर, दारांच्या खाली, सगळीकडे ओल्या वाळूचे थर. आतून बर्म्युडा घातलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी मला पाहिलं. गंजीफ्रॉक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लेंग्याची टोकं, पायात रबरी चपला, एका हातात पाईप आणि दुसऱ्या हातात फडकं.

“दादा, गाडी धुवायचे किती घेता?”

मी बोलायला तोंड उघडलं. पण कोकणात गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला मालकच लागतो असं नाही.

“चारचाकीचे साडेतीनशे,” माई म्हणाल्या.

“साडेतीनशे? आजी, आमच्याकडे अडीचशेत फोमवॉश होतो.”

“तुमच्याकडे धरणाचं पाणी नळाला येतं हो. इथे या, विहिरीत बघा वाकून, आणि मग बोला.”

तो खरंच आला. आत आला, विहिरीत वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि वर येऊन म्हणाला, “कमी आहे.” जणू पाहणी पथक.

“अहो माई, मी काय म्हणतो—”

“तू थांब रे. बोलणं चाललंय ना?” आणि पाहुण्याकडे वळून, “आतून पुसायचे पन्नास निराळे. वाळू असेल तर शंभर. वाळू आहे का?”

गाडीतून बाईंचा आवाज आला, “वाळूच आहे. गाडी थोडी कुठेतरी असेल.”

“मग साडेचारशे.”

“चारशे करा की आजी. किती वेळ लागेल?”

“नीट करायचं तर वेळ लागणारच. हा सकाळी बसला की जेवायला हाका माराव्या लागतात. लहानपणापासून बघत्ये मी.”

“हाताखाली माणूस आहे?”

“एकटाच आहे. पण रिकामा आहे.”

या वाक्यावर मला हरकत घ्यायची होती. मी पंचायत समितीत नोकरी करतो. रविवारी रिकामा असणं हा माझा शासनमान्य हक्क आहे. पण सौदा अशा टप्प्यावर आला होता की मध्ये बोलणं मलाच अशोभनीय वाटायला लागलं. शिवाय, लपवून काय करू, चारशे रुपये ऐकल्यावर मी त्या गाडीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं होतं. छत उंच आहे, स्टूल लागेल, एवढं मनात येऊन गेलं.

पाहुणा मात्र पक्का. “आधी काम बघतो,” म्हणाला. माझ्या स्प्लेंडरभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली. सीटवरून हात फिरवला. टाकीत स्वतःचा चेहरा बघून केस नीट केले, तेव्हा मला वाटलं, झालं, पास. मग तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला. एका तारेवरून अंगठा ओढला, अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला,

“स्पोक काळे राहिलेत.”

“तो गंज आहे!” मी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोललो. “मळ नाही तो. निकेलचा मुलामा उडालाय, आतलं पोलाद उघडं पडलंय. खाऱ्या वाऱ्याने. धुऊन कसा जाईल?”

“ते ठीक आहे हो दादा. पण आमची गाडी नवीन आहे. राहू दे.”

मी माईंकडे पाहिलं. शेजारधर्म, गडगा, लहानपण, काहीतरी उपयोगी पडेल असं वाटलं. माई आमसूल पालथं करत म्हणाल्या,

“तारांचं मीही सांगितलं हो त्याला. ऐकत नाही.”

मला धुणारा समजला याचं मला काही नाही. गाडी धुणं हे चोख काम आहे आणि तो वॉशिंगवाला पोरगा महिन्याला माझ्याहून फार कमी मिळवत असेल असं वाटत नाही. पण नापास? आणि कोणाकडून? जो माणूस साडेचारशेवर घासाघीस करतो आणि लाखांची गाडी समुद्रात घालतो त्याच्याकडून! एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पंधरा लिटरची बादली घेतलीत तर अर्धा किलो. ते मीठ त्याच्या नव्या कोऱ्या गाडीच्या पोटाखाली, ब्रेकच्या पाइपांवर, सायलेन्सरच्या सांध्यांत जाऊन बसलं होतं. वरून फेसच फेस काढून काही होत नाही. खालून गोड्या पाण्याने, लगेच, त्याच दिवशी धुवावं लागतं. हे मी त्याला फुकट सांगणार होतो. नाही सांगितलं. माझे स्पोक काळे ना? बरं.

आणि तसंही त्या पुळणीत गाड्या घालायच्याच कशाला? तिथे ऑलिव्ह रिडले कासवं येऊन अंडी घालतात. गावातली पोरं रात्री जागून घरटी राखतात, पिल्लं मोजून पाण्यात सोडतात. आणि दिवसा त्याच वाळूत हे चाकं गरगर फिरवून व्हिडिओ काढणार. दर मोसमात एखादी गाडी रुततेच. मग भरती यायला लागली की गावातलाच ट्रॅक्टर, गावातलाच दोर आणि गावातलीच पोरं. गाडी निघाली की “थँक्यू हां”, आणि संध्याकाळी हॉटेलात तक्रार, की इथे न्हाणीघराच्या नळाला पाणी बारीक येतं. बारीकच येणार. सगळा मोसम टॅंकर येतोय, तो काय झऱ्यावरून भरून येतो? यांना वाटतं कोकण म्हणजे पाणीच पाणी. आहे की, समुद्रात आहे. घ्या हवं तेवढं.

हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने मी पिशवी सायलेन्सरवरून काढत होतो.

“मग चांगलं कुठे धुऊन मिळेल?” पाहुण्याने माईंना विचारलं.

“चिपळूणला,” माई गंभीरपणे म्हणाल्या.

चिपळूण इथून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. ते मुंबई-गोवा महामार्गावर आहे, आणि तो महामार्ग चौपदरी करायचं काम 2011 साली जे सुरू झालं त्याला दशक उलटून गेलं तरी लोकांच्या अंगावरची धूळ खाली बसायला तयार नाही. माईंना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. तेवढ्यापुरतं माझं मन त्यांच्या बाबतीत निवळलं.

गाडीतल्या बाई मात्र एव्हाना खाली उतरल्या होत्या, आणि त्यांनी आमसुलं पाहिली होती. “ही घरची का हो?” झालं! माईंचा चेहराच बदलला. भाव सांगितला. तो ऐकून मीच चपापलो, कारण आम्हाला शेजारी म्हणून देतात तो निराळा. पण मघाशी गाडी धुण्याच्या साडेतीनशेवर वाद घालणारा तो गृहस्थ एक अक्षर बोलला नाही. दीड किलो आमसुलं आणि आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, दोन बाटल्या. “शुद्ध आहे ना?” एवढंच विचारलं. माई म्हणाल्या, “बघा की, समोर वाळतायत.” माझा शांपू त्यात होता की नव्हता याची चर्चा झाली नाही.

“बाळू, पिशवी ठेव रे गाडीत. बाटल्या उभ्या ठेव.”

ठेवली. डिकी उघडली तेव्हा आतून ओंजळभर वाळू माझ्या नुकत्याच धुतलेल्या पायांवर पडली. बाटल्या उभ्या राहाव्यात म्हणून मी त्यांना दोन टॉवेलांच्या मध्ये बसवलं, कारण काम नीट करायची सवय आहे, कोणाला दिसो न दिसो. दार लावून वळतो तर गृहस्थ हात पुढे करून उभे. हातात विसाची नोट.

“घ्या दादा. चहा घ्या.”

मी “नको नको” म्हणालो. पहिलं “नको” मनापासून होतं. त्याने नोट माझ्या ओल्या मुठीत कोंबली, काच वर केली आणि गेला, चिपळूणच्या दिशेने. गाडीच्या मागे वाळूची एक बारीक रेघ रस्ताभर सांडत होती.

मी नोट झटकून वाळवायला गडग्यावर ठेवली. माईंनी आमसुलं पालथी करता करताच हात लांब केला आणि ती उचलून कनवटीला लावली.

“थेंब उडवलेस ना, त्याचे.”