कोणत्या सालचा रायगड?

जुलै २०२५ मध्ये रायगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच घोषा सुरू झाला: गडावरचा राजवाडा होता तसा पुन्हा बांधा. मी विचारलं, होता कसा? महाडचा चुलतभाऊ म्हणाला, "तू तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस."

तिकडे म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधलं कॅरी. इथून तास-सव्वा तासावर पाइनहर्स्ट. तिथला नंबर २ हा गोल्फ कोर्स डोनाल्ड रॉसने आखलेला, १९०७ सालचा. १९४८ मध्ये तो वारला, तोवर त्यात फेरफार करतच होता. पुढच्यांनी वाळू आणि वायरग्रास हे तिथलं रानगवत हटवून जिकडेतिकडे बर्म्युडा हे लॉनचं गवत लावलं. २०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने उलटं काम हाती घेतलं. सुमारे ३५ एकर हिरवळ खरवडली, शेकडो स्प्रिंकलर उपटले. आधार होता १९४३ मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंचा. शिवाय पाण्याची जुनी पाइपलाइन फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या गवताळ पट्ट्याच्या, मधोमध गेलेली, तिच्यावरून मूळ आखणी सापडली. २०१४ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये टीव्हीवर कोर्स पाहून कित्येकांनी नाकं मुरडली. एचओएच्या (इथल्या घरमालकांच्या सोसायटीच्या) पत्राला घाबरून लॉनला पाणी मारणाऱ्या मला मात्र तो फार आवडला.

म्हणून भावाला लिहिलं: १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचं लाकूडकाम जळालं, उरली जोती. मजले किती, खांबांवर नक्षी कोणती, याचा त्या फोटोंइतका पक्का पुरावा आण, मग सुतार बोलाव. नाहीतर सिनेमाचा सेट होईल.

"श्रीमंतांचं खेळायचं मैदान आणि महाराजांची राजधानी एकाच मापाने मोजतोस?"

लागलं. पण एक गोष्ट मी ग्रुपवर मुद्दाम सांगितली नाही. पाइनहर्स्टला १९०७ साल आणलंच नाही. तेव्हा तिथल्या ग्रीन्स, म्हणजे चेंडू ढकलायच्या भोकाभोवतालच्या जागा, वाळूच्या होत्या, गवत आलं १९३० च्या दशकात. आणि आजच्या त्या नावाजलेल्या फुगीर ग्रीन्स? वर्षानुवर्षं वाळूचे थर चढून त्या तशा झाल्यात. त्यांना जवळजवळ हात लावलेला नाही. म्हणजे सोयीचं साल निवडलं, आणि तेही अर्धंमुर्धं. भावाला कळलं तर माझं काही खरं नाही.

माझंही साल ठरलेलं आहे. रोपवे नव्हता, शाळेच्या सहलीत पायऱ्या चढून गेलो, बाजारपेठेच्या जोत्यावर डबा खाल्ला. मला गड तसाच हवा, कारण माझं तिकडे आता घर नाही. मी जाईन तेव्हा काहीतरी ओळखीचं असावं. भाऊ तिथेच राहतो. पाहुण्यांची पोरं त्याला विचारतात, महाराज झोपायचे कुठे? आणि त्याला रिकाम्या जोत्याकडे बोट दाखवावं लागतं.

तरीही पुरावा हवाच. काल त्याने राजवाड्याचं थ्रीडी चित्र टाकलं. कमानी राजस्थानी दिसतायत, असं मी लिहिलं. खाली भराभर अंगठे आले, सगळे त्याच्या चित्राला.