मंडळीची मतं कुणाच्या खिशात नाहीत

उपासनेहून आल्यापासून डोकं नुसतं तडतडतंय. स्वयंपाकाला हात लागला नाही. नवरा म्हणतोय, घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नको. पण आज जे झालं ते घरातलं राहिलंच नाही. चव्हाटाच आत आणून बसवला त्यांनी, तोही पहिल्या बाकावर.

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव लिहिणार नाही. कोल्हापुरातल्या आपल्या लोकांना न सांगता कळेल. ज्यांना कळणार नाही, त्यांनी आपापल्या मंडळीत या महिन्यात काय चाललंय ते बघावं.

आज पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा दिवस. पुढे टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ताटं झाकून ठेवलेली. उपदेश संपला, सूचना सुरू झाल्या. वाढदिवस, आजारी सभासद, महिला मंडळाची बुधवारची प्रार्थना आणि त्याच दमात सेक्रेटरींनी जाहीर केलं की महापालिकेला उभे असलेले आपल्या प्रभागाचे उमेदवार आज आपल्यात आलेत. शाल झाली, श्रीफळ झालं, बुके झाला. मग हातात माईक दिला. ज्या माईकवर पाच मिनिटांपूर्वी देवाचं वचन वाचलं तोच माईक! साहेब म्हणाले, तुमच्या स्मशानभूमीच्या कंपाउंडचं काम माझ्याकडे लागलं. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, ख्रिस्ती समाजाची शंभर टक्के मतं तुमचीच." पुन्हा टाळ्या. आणि आमच्या पाळकांनी, म्हणजे पाद्र्यांनी, साहेबांच्या डोक्यावर हात ठेवून विजयासाठी प्रार्थना केली.

माझ्या पुढच्या बाकावर आमचे मामा बसलेले. सख्खे नव्हेत, सगळ्या मंडळीचेच मामा. टाळ्या चालू असतानाच त्यांनी गीताचं पुस्तक मिटलं, चष्मा खिशात घातला आणि ताटांवरचं कापड निघायच्या आत उठून बाहेर गेले. भाकर घेतली नाही, प्याला घेतला नाही.

मामा दुसऱ्या पक्षाचं काम करतात. आजचं नाही, मिसरूड फुटल्यापासून. सगळ्यांना माहीत आहे. सेक्रेटरींना माहीत आहे, पाळकांना माहीत आहे. मग "शंभर टक्के" म्हणताना या माणसाला कुठं धरलं होतं? सभासदांच्या यादीतून आजच काढलं का?

आणि मामा म्हणजे कोण? पेशाने सुतार. ज्या बाकांवर आज साहेबांबरोबरचे ते चार पक्षाचे मफलरवाले येऊन बसले ते बाक मामांनी केलेत. प्रत्येक बाकाच्या पाठीला पुस्तकं ठेवायची फळी आहे आणि त्या फळीला प्रभुभोजनाचे छोटे प्याले ठेवायला गोल भोकं आहेत. एकेक भोक मापून पाडलंय, आतून पॉलिश पेपर मारलाय. का, तर म्हातारीने थरथरत्या हाताने ठेवला तरी प्याला कलंडू नये. एवढा विचार त्या माणसाने आपल्यातल्या म्हाताऱ्यांचा केला, आणि त्यालाच आज तिथून उठून जावं लागलं.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घातलेला माणूस सभेत आला की त्याला म्हणता, या, इथं चांगल्या जागी बसा, आणि गरिबाला म्हणता, तू तिकडं उभा राहा. दरवर्षी यावर उपदेश ऐकतो आपण. आज तो अध्याय डोळ्यांसमोर घडला आणि आपण टाळ्या वाजवल्या.

कायद्याचं बोलायचं तर तेही बोलते, कारण सेक्रेटरी स्वतः निवृत्त सरकारी नोकर आहेत. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा १९८८ सालापासून आहे. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, कुणाचीही जागा राजकीय प्रचाराला वापरायची नाही. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. निवडणुकीच्या आचारसंहितेतही चर्चचं नाव घेऊन सांगितलंय. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ ला, चार विरुद्ध तीन मतांनी का होईना, निकाल दिला की धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, मग तो धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा. तो निकाल लोकसभा-विधानसभेच्या कायद्यावरचा आहे, महापालिकेचा कायदा वेगळा, हे मला कमेंटमध्ये कुणी शिकवू नका. मुद्दा कळतोय ना?

उद्या कुणी तक्रार केली तर कागदावर नाव पाळकांचं येईल. साहेबांचं नाही येणार.

पाळकांचं नाव आलं की माझा राग जरा खाली बसतो, खोटं का बोलू. आमचे पाळक वाईट नाहीत. पगार केवढा, घरात माणसं किती, हे मला माहीत आहे. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात रात्री-अपरात्री स्कूटरवरून यायचे, उशाशी बसून स्तोत्र वाचायचे. आणि आज त्यांना जी भीती आहे ती खरी आहे. घरगुती प्रार्थनासभा घ्यायची म्हटलं तरी खाली कोण येऊन उभं राहील याचा नेम नाही. २०२५ च्या जूनमध्ये शेजारच्या सांगलीत एका आमदाराने भर सभेत पाद्र्यांवर हात उचलणाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली होती. त्या आठवड्यात पाळकबाईंचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय. अशा वेळी कुणी म्हणालं, मी आहे तुमच्या पाठीशी, तर माणूस त्याचा हात धरतो. समजतं मला.

पण पाळकसाहेब, त्या हाताची किंमत मामांनी का द्यायची?

आणि पाठीशी आहे म्हणणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारला का आपण? आपल्यातली किती घरं अशी आहेत की आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने नातवाची अनुसूचित जातीची सवलत गेली. १९५६ मध्ये शीख दलितांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून दारातच. वस्ती तीच, आडनाव तेच, हिणवणारी माणसं तीच. नगरसेवकाच्या हातात हे नाही, मान्य. त्याच्या पक्षाच्या हातात तर आहे? विचारा की! हे विचारणं राजकारण असेल तर खुशाल करा, मी पहिल्या रांगेत बसते. आपण काय मागितलं? कंपाउंड. जे महापालिकेने आपल्या घरफाळ्यातून करायला पाहिजे ते.

माझी मावसबहीण अमेरिकेत डॅलसला असते. ती म्हणते, तू जुन्या काळातली, इथं पाळक सरळ नाव घेऊन सांगतात कुणाला मत द्यायचं. घेत असतील. तिथं १९५४ पासून नियम आहे, जॉन्सन दुरुस्ती म्हणतात त्याला, की करमाफी घेणाऱ्या चर्चने उमेदवाराची बाजू घ्यायची नाही. २०२५ च्या जुलैत तिथल्या करखात्यानेच टेक्ससच्या कोर्टात लिहून दिलं की पाळक उपासनेत आपल्याच मंडळीशी उमेदवारांबद्दल बोलला तर ते यात धरू नये. बहिणीला आनंद झाला. मी तिला एवढंच विचारलं, तुझ्या चर्चमध्ये दुसऱ्या पक्षाला मत देणारी किती माणसं उरलीत? म्हणाली, ती दुसऱ्या चर्चला जातात. झालं का समाधान? पक्षाप्रमाणे चर्च! आमच्या गावात हे झालं तर मामा कुठल्या चर्चला जाणार? त्यांनी केलेले बाक तर इथं आहेत.

आणि चर्च सत्तेला चिकटलं की काय होतं ते बघा. रशियात तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील युक्रेनवरच्या युद्धाला उघड पाठिंबा देऊन बसले. समोरून मरणारे बहुतेक ऑर्थोडॉक्सच. आपल्याकडे केरळात १९५९ ला चर्च रस्त्यावर उतरलं, विमोचन समर म्हणतात त्याला. शिक्षण विधेयकावरून ठिणगी पडली आणि ३१ जुलैला नंबूद्रिपाद यांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार केंद्राने बरखास्त केलं. चर्चच्या शाळांची काळजी रास्त होती, हेही म्हणते. पण निवडून आलेलं सरकार पाडायला चर्च पुढे होतं, हे आज इतक्या वर्षांनीही ऐकून घ्यावंच लागतं.

आता मला लगेच कुणीतरी हिटलरविरुद्ध उभे राहिलेले जर्मन पाळक बोनहॉफर दाखवणार. दाखवा. त्यांच्यावर तर माझा जीव आहे. जर्मनीतलं अर्धं-अधिक चर्च हिटलरपुढे वाकलं तेव्हा १९३४ ला बार्मेनमध्ये काही जणांनी जाहीर केलं की चर्चचा धनी ख्रिस्त आहे, दुसरा कुणी नाही. बोनहॉफर त्यांच्यातलेच, ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं. एल साल्वाडोरचे आर्चबिशप रोमेरो गरिबांच्या बाजूने बोलायचे, त्यांना १९८० मध्ये वेदीपाशी गोळी घातली. आदिवासींसाठी लढणारे आपले फादर स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी कैदी म्हणूनच गेले, ५ जुलै २०२१ ला. यांच्यातल्या कुणी शाल-श्रीफळ घेऊन कुणाला शंभर टक्के मतं लिहून दिली होती? अन्यायावर बोला, गरिबावर बोला, पाण्यावर बोला, पुलपिटवरून बोला. सत्तेतला असो की विरोधातला, दोघांनाही टोचेल असं बोला. मामा अशा उपदेशाला कधी उठून गेले नाहीत. उलट बाहेर येऊन पाळकांचा हात हातात घ्यायचे.

"बाकीचे सगळे करतात, मग आपणच का सोवळं पाळायचं?" हा प्रश्न आज गेटवर मला एका तरुणाने विचारला. खरं आहे, सगळे करतात. मठात होतं, दर्ग्यात होतं, तालमीत होतं. पण महाराष्ट्रात आपण आहोत जेमतेम एक टक्का. आपल्या मतांनी कोण पडणार आणि कोण येणार? आपली ताकद मतांच्या गठ्ठ्यात कधीच नव्हती. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला या गावात आले आणि शाळा काढल्या, ती आपली ओळख. मिरजेला मिशनरी वॉन्लेस डॉक्टरांनी दवाखाना उभा केला, ती ओळख. शाहू महाराजांच्या काळात इथं मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम यांच्या वसतिगृहांबरोबर ख्रिश्चनांचंही वसतिगृह उभं राहिलं, ते काय मतं मोजून? तेव्हा मतं होती कुठं?

२०१९ चा महापूर आठवा. शिरोलीला हायवे पाण्याखाली, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. आमच्या हॉलमध्ये माणसं आणून ठेवली होती. मामांच्या पक्षाची पोरं आणि आज ज्यांना शाल घातली त्यांच्या पक्षाची पोरं एकाच कढईत खिचडी हलवत होती. गळ्यात कुणाच्या मफलर नव्हता. मामा दोन्हीकडच्या पोरांना शिव्या घालत होते, "मीठ बघा रं, मीठ बघा!" त्या हॉलमध्ये आज कुणी म्हणतंय की इथं एकाच पक्षाची माणसं राहतात?

उमेदवार बोलवायचेच असतील तर मिझोरमच्या लोकांकडून शिका. तिथं राज्य ख्रिश्चनांचं, चर्चचा शब्द भारी, तरी तिथल्या चर्चने २००६ ला लोकांचा मंच काढला. सगळ्या पक्षांना बसवून प्रचाराचे नियम ठरवले, सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर आणलं. तिथंही कुरबुरी असतील, असू देत. निदान एकाच्याच गळ्यात शाल नाही पडत.

संध्याकाळी मामांना फोन केला. म्हणाले, "जाऊ दे गं बाळ, माझ्यापायी मंडळीत वाद नको." आवाज बसलेला. मी म्हटलं, मामा, वाद तुमच्यापायी नाही. तर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू, यायचं का ते. हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. एवढी वर्षं भक्तीला आलेला माणूस "यायचं का" म्हणतो आणि आपण कंपाउंडच्या विटा मोजतोय.

तर आता स्पष्ट सांगते. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभासदांची सभा आहे. मी लेखी ठराव देणार आहे. उपासनेच्या वेळी कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला माईक नाही, सत्कार नाही, विजयासाठी जाहीर प्रार्थना नाही. उमेदवार भक्तीला येऊ दे, मागं कुठंही बसू दे, गाऊ दे आपल्याबरोबर. बोलवायचं तर सगळ्यांना, आणि तेही आठवड्यातल्या दिवशी, आवारात. मंडळीच्या नावाने मतं देऊ करायचा अधिकार पंचांना, म्हणजे मंडळीच्या कमिटीला, नाही आणि पाळकांनाही नाही. आणि पंचांनी दोघं जण मामांच्या घरी पाठवून, चहा पिऊन, झालेलं चुकलं असं तोंडाने सांगायचं.

अनुमोदनाला एक सही लागते. महिला मंडळातल्या बायांनो, आज गेटवर "तू म्हणतीस ते खरं हाय गं" असं कानात म्हणणाऱ्या तुम्ही बऱ्याच होतात. कानात नको, कागदावर पाहिजे. कागद माझ्याकडे आहे. बुधवारच्या प्रार्थनेला घेऊन येते, पेनही आणते.