25 गावं, 11 महिने आणि स्वतःची दुचाकी

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नोकरीची जाहिरात आली. पर्यावरणावर काम करणारी संस्था, पद 'क्षेत्र समन्वयक', जिल्हा गडचिरोली. 25 गावांत सामूहिक वनहक्कांविषयी जनजागृती करायची, महिन्याला ठरलेल्या संख्येइतक्या बैठका घ्यायच्या, प्रत्येक बैठकीचा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, पाठवायचा. करार 11 महिन्यांचा. मानधनाचा आकडा इथं लिहीत नाही, पण तालुक्याला खोली करून राहणाऱ्या पोराला त्यातून पेट्रोल भागवून घरी दोन पैसे पाठवता येतील, असा तो नव्हता. शेवटची अट होती, स्वतःची दुचाकी आवश्यक.

अशा जाहिराती मी कितीतरी वर्षं बघते आहे. त्यांतून आलेली चांगली पोरं-पोरी दमून निघून गेलेलीही बघितली आहेत. या वेळी गप्प बसवलं नाही. संघटकाचं काम अशा रीतीनं करून घेता येत नाही, आणि करून घेतलं तर त्याची किंमत गाव मोजतं. हे मला एकदा नीट मांडायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गावाला परंपरेनं वापरात असलेलं जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. दावा करायचा तो ग्रामसभेनं. त्यासाठी 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात किमान एक तृतीयांश महिला. मग गावाची सीमा ठरवायची, पुरावे जोडायचे, शेजारच्या गावांना कळवायचं, वनविभागाच्या आणि महसूलच्या माणसांना बोलावून जागेवर पडताळणी करायची, ठराव घ्यायचा. पुढं उपविभागीय समिती, आणि शेवटी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. कागदावर हे सगळं एका पानात मावतं.

प्रत्यक्षात ते कसं होतं ते सांगते. एका गावात शाळेच्या ओसरीवर खडूनं नकाशा काढणं चाललं होतं. पुरुषमंडळींनी बांबूचे पट्टे दाखवले, गुरं चारायची जागा दाखवली, देवाचं ठाणं दाखवलं. पश्चिमेला वनविभागाच्या कक्षाची, म्हणजे त्यांनी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याची, रेघ जिथं संपते, तिथं येऊन हात थांबला. मागं भिंतीला टेकून बसलेली एक आजी होती. याआधीच्या बैठकांनाही ती असायची, पण तोंडातून शब्द नाही. ती उठली, खडूच्या रेघेपलीकडं काठी टेकवली आणि म्हणाली, "इकडं बी आपलंच हाये. सात्या कोठून आणतो मंग?" पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीला इकडं सात्या म्हणतात. त्या वेचायला बायाच जातात, त्यामुळं पुरुषांच्या नकाशात ती जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आम्हाला तिकडं घेऊन गेली. नाला ओलांडला, झिऱ्याचं पाणी प्यायलो, आणि पुढं एका मोकळ्या जागेत ती थांबली. पालापाचोळा पायानं बाजूला केला तर चुलीचे दगड. थोडं पुढं ओळीत लावल्यासारखी जुनी आंब्याची झाडं. "माता आली तवा गाव इथून उठलं, खाली गेलं. माह्या सासूनं सांगतलं." माता म्हणजे देवीची साथ. वस्तीचे जुने अवशेष हा कायद्यानं मान्य केलेला पुरावा आहे. दावेदार नसलेल्या वयस्कर माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्याकडून जुन्या वस्तीची हीच गोष्ट लिहून आणली, आणि त्या गावाची अख्खी पश्चिम बाजू त्या सकाळी दाव्यात आली.

आता जाहिरातीतल्या माणसाचा विचार करा. त्याच्याकडं 25 गावं आहेत. पहिल्या बैठकीत आजी बोलली नाही, दुसऱ्या बैठकीत बोलली नाही, तोवर त्याचे फोटो झालेले असतात आणि तो पुढच्या गावी गेलेला असतो. दावा तो दाखल करेलही. जंगल मात्र रेघेपाशीच संपेल, आणि एकदा मंजूर झालेल्या पट्ट्यातली, म्हणजे हक्काच्या कागदातली, सीमा पुढं वाढवून घेणं किती जिकिरीचं असतं, हे ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना विचारा.

त्यात 11 महिने म्हणजे नक्की किती? मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. पहाटेच्या अंधारात घरंच्या घरं जंगलात असतात. मे महिन्यात तेंदू, दिवसभर पानं तोडायची आणि संध्याकाळी 70-70 पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, न्यायचे. जूनपासून धानाचं काम, रोवणी संपेपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नाही. नाले भरले की निम्म्या गावांचा रस्ताच बंद. दिवाळीच्या आसपास कापणी, मग मळणी. निवांत बसून बोलता येईल असा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, तोही रात्री जेवणं झाल्यावर. माणूस जूनमध्ये रुजू झाला तर गावाची ओळख व्हायलाच हिवाळा उजाडतो, आणि पुढच्या तेंदूच्या सुमाराला त्याचा करार संपतो.

हजेरीपटाचंही सांगायला हवं. देणगीदाराला सह्यांचा कागद लागतो. गावात कागदावर सही किंवा अंगठा मागणाऱ्या अनोळखी माणसाकडं लोक संशयानं बघतात, आणि त्यांचा संशय रास्त आहे. कशाकशासाठी घेतलेले अंगठे भलत्याच ठिकाणी वापरलेले त्यांनी बघितलेत. पहिल्याच भेटीत सह्या मागितल्या की ते गाव पुढचे सहा महिने मोकळं होत नाही. मी जिथं आधी काम करत होते तिथं हे वरिष्ठांना सांगितलं होतं. उत्तर आलं, फॉरमॅट बदलता येत नाही.

मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळे घेतात. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. 2009 मध्ये त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी एक. प्रत्येक संस्थेच्या प्रेझेंटेशनमध्ये मेंढ्याचा फोटो असतो. पण त्या फोटोमागची वर्षं कुणी मोजत नाही. 1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. देवाजी तोफा गावातले, 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. गावानं अभ्यासगट सुरू केला. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेणार, आणि तोही सर्वसहमतीनं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा त्या सवयीतून आलेली आहे. हक्क मिळाल्यावरही बांबू विकायला दोन वर्षं झगडावं लागलं, कारण 1927 चा वन कायदा बांबूला झाड मानत होता, आणि 2006 चा कायदा त्याला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल अशी जंगलातली वस्तू, म्हणत होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

म्हणजे आंदोलनापासून परवान्यापर्यंत पंचवीसेक वर्षं. प्रत्येक गावाला एवढा काळ लागतो असं मी म्हणत नाही. कायदा आता आहे, उदाहरणं समोर आहेत, कोरची तालुक्यात तर ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. पण मेंढा दाखवून निधी आणायचा आणि मेंढा ज्या रीतीनं घडला ती रीत सोडून द्यायची, हे मला पटत नाही.

पट्टा मिळाला की संस्थेचा प्रकल्प संपतो आणि गावाचं खरं काम सुरू होतं. बँकेत खातं, पॅन कार्ड, बांबूचा लिलाव, ठेकेदाराशी करार, मजुरीचा हिशेब. वणव्याच्या दिवसांत राखण कुणी करायची याची पाळी. कुठला बांबू कधी तोडायचा, वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, किती खायचे आणि किती वाढू द्यायचे. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, जंगलाचं नुकसान होतं, हा विचार करून त्यांनी रोख उत्पन्नाच्या एका वाटेवर पाणी सोडलं आणि बांबूवर भर दिला. बाहेरून गेलेल्या कार्यकर्त्यानं हे सुचवलं असतं तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. आपलं काम एवढंच की असा प्रश्न गावासमोर येईल तेव्हा त्यांना हवी ती माहिती हाताशी असावी आणि भांडून झाल्यावरही सगळे पुन्हा एकत्र बसतील एवढी बैठकीची सवय लागलेली असावी. जनजागृती या शब्दात यातलं काहीच येत नाही. तो वापरताना आपण गृहीत धरतो की गाव झोपलेलं आहे.

संस्थांची अडचण मला कळत नाही असं नाही. 2020 मध्ये विदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि मोठ्या संस्थेनं तो पैसा छोट्या संस्थेला देण्यावर बंदी आली. ज्या छोट्या, तालुक्याच्या संस्था अशी माणसं वर्षानुवर्षं टिकवून होत्या, त्यांचा तो आधारच गेला. देशी पैसा आहे, पण त्याला मोजता येईल असं काही हवं असतं. झाडं मोजता येतात. 2019 मध्ये आपल्या राज्यानं 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. मोहाखाली बसून मोहफुलं वेचता वेचता झालेली गप्पांची एक सकाळ कुठल्या रकान्यात लिहिणार?

तरीही पगाराच्या प्रश्नावर अडचणीचं कारण मला मान्य नाही. त्याच प्रकल्पात शहरातल्या सल्लागाराला दिवसाच्या हिशेबानं पैसे मिळतात, विमानाचं तिकीट मिळतं. रात्री दहा वाजता बैठक संपवून जंगलातल्या रस्त्यानं, रानडुकरं आडवी येतात त्या रस्त्यानं, स्वतःच्या गाडीवर परतणाऱ्या पोराचा साधा अपघात विमा नसतो. पोरगी असेल तर तिला गावातच मुक्काम करावा लागतो, आणि त्या मुक्कामाचा भत्ता कुठल्याच बजेटमध्ये मला आजवर दिसलेला नाही. आणि ही पोरं बहुतेक आसपासच्या गावांतलीच असतात, गोंडी बोलणारी. सगळ्यात जास्त येतं त्यांनाच, आणि सगळ्यात कमी मिळतंही त्यांनाच.

ज्यांच्या हातात निधी आहे त्यांना माझं सांगणं आहे, गावं कमी करा. एका माणसाला पाच-सहा गावं द्या, आणि निदान तीन वर्षं द्या. फोटो मागू नका. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागा, ती ग्रामसभा तुमच्या माणसाशिवाय भरली का ते विचारा, त्यात बाया बोलल्या का ते विचारा.

आणि जाहिरात बघून अर्ज करणाऱ्या पोरा-पोरींनो, अर्ज जरूर करा. या कामासारखं काम नाही, हे मी मनापासून सांगते. पण मुलाखतीत तुम्हीही विचारा. पेट्रोल मानधनातून की वेगळं? विमा कुणाचा? पावसाळ्यात बैठका झाल्या नाहीत तर पैसे कापणार का? माझ्याआधी या गावांत कोण होतं आणि ते का गेलं? करार संपल्यावर गावातला माणूस फोन करेल, तेव्हा तो उचलायला संस्थेत कोण असेल?

कुणाला जाण्याआधी माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करा. फोन दुपारी केला तर बरं, रात्री मी बहुतेक बैठकीत असते आणि तिथं रेंज नाही.