महापौर व्हायचंय? मग आधी वडील नीट निवडा

समजा तुम्हाला महापौर व्हायचंय, नुसतं फीत कापणारं नाही, चांगलं खऱ्या अधिकाराचं, तर गुरु एकच, अमेरिकेतल्या शिकागोचे माजी महापौर रिचर्ड डेली. यांचे वडीलही रिचर्ड डेलीच, 1955 पासून ते 1976 ला पदावर असतानाच वारले तोपर्यंत महापौर. म्हणजे पोरगा उभा राहिला तेव्हा मतदाराला नवीन काही पाठ करायचं नव्हतंच, मधलं अक्षर तेवढं जे चं एम झालं.

शिक्षणाचं टेन्शन घेऊ नका. वकिलीची परीक्षा साहेब तिसऱ्या प्रयत्नात पास झाले आणि पुढे कुक काउंटीचे (म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्याचे) मुख्य सरकारी वकील झाले, कुणाचं काही अडलं नाही. 1983 ला मात्र महापौरपदासाठी पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत तिसरा नंबर आला. असं झालं की रुसायचं नाही, गप वाट बघायची. जिंकलेले हॅरल्ड वॉशिंग्टन 1987 ला पदावर असतानाच वारले आणि 1989 ला साहेबांचा नंबर लागला, शपथही 47 व्या वाढदिवसाला. केक आणि शहर एकाच दिवशी!

आता कारभार. बागा करा, फोटो छान येतात. (मिलेनियम पार्क खरंच देखणं आहे हो, यात टोमणा नाही. फक्त 2000 साठी ठरलेलं ते 2004 ला उघडलं आणि 15 कोटी डॉलरचा अंदाज 47 कोटींवर गेला, असो.) तळ्याकाठचा छोटा विमानतळ नकोसा झाला तर चर्चा-बिर्चा कशाला, 2003 च्या फेब्रुवारीत निवडून यायचं, मार्चअखेरीस मध्यरात्री बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठ्या फुल्या खणायच्या. विमानं तिथेच अडकली तर अडकू देत, विचारलं तर दहशतवादाचा धोका म्हणायचं. दंड झाला 33,000 डॉलर, आणि तो काय आपल्या खिशातून जातो?

पण खरी कला तिजोरी रिकामी झाल्यावर दिसते. 2008 ला साहेबांनी शहरातले पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन टाकले, 115 कोटी डॉलरला. सौदा जाहीर झाला आणि दोनच दिवसांत नगरसेवकांनी 40 विरुद्ध 5 ने मंजूर केला, वाचायला वेळ दिला की लोक प्रश्न विचारतात ना. पुढे शहराच्याच तपास अधिकाऱ्याने सांगितलं की किंमत जवळपास 97 कोटींनी कमी घेतली, पण तोवर सह्या वाळल्या होत्या. मीटरचे दर वाढले, आलेला बराचसा पैसा साहेब जायच्या आतच संपला, आणि कंपनीने लावलेली रक्कम 15 वर्षांच्या आत वसूलही केली, उरलेली 60 वर्षं निव्वळ फायदा. आता शहराने मिरवणुकीसाठी स्वतःचाच रस्ता बंद केला तरी बुडालेल्या पार्किंगची भरपाई शहरालाच कंपनीच्या हातावर ठेवावी लागते. बापाचा सगळा रेकॉर्ड मोडायचा तर एवढं करावंच लागतं, वडील 21 वर्षं, हे 22.

घरच्यांनाही विसरू नका. एक भाऊ काउंटीच्या कारभारात, दुसरा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात आणि नंतर ओबामांचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे त्यांच्या कार्यालयाचा प्रमुख. हा दुसरा 2019 ला महापौरपदासाठी उभाही राहिला, तिसरा आला, घराण्याची परंपरा आहे ती.

2011 ला खुर्ची सोडलीत की लगेच नोकरी बघा, रिकामं बसू नये माणसाने. साहेब महिन्याभरातच एका मोठ्या लॉ फर्ममध्ये रुजू झाले. कुठली म्हणता? मीटरच्या सौद्यात शहराचं वकिली काम जिने केलं होतं, तीच.