शेजारी देशांना धडा शिकवायचाय? मग हे वाचाच

परराष्ट्र धोरण हा काही परराष्ट्र मंत्रालयाचा मक्ता नाही. मोबाइल आणि दुपारचा रिकामा वेळ असला की कुणालाही जमतं.

सुरुवात छोट्या देशापासून करावी. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींवर टीका करताना अकलेचे तारे तोडले, तेव्हा आपल्या शूरांनी तिकिटं रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले. तिकीट काढलेलं असलंच पाहिजे असं काही नाही.

नेपाळशी वाजलं तर ट्रक अडू द्यावेत आणि हात वर करावेत. २०१५ साली भूकंपातून सावरणाऱ्या नेपाळात गॅस-पेट्रोलची बोंब झाली; आपण म्हणालो, अडवलं ते तिथल्या आंदोलकांनी. ते तेलासाठी चीनच्या दारात गेले की ‘कृतघ्न’ म्हणायला आपण मोकळे.

तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, म्हणून तुर्की सफरचंद खाऊ नये.

आणि बांगलादेश! तिथे तर दोस्ती असतानाच तोंडघशी पाडावं. सप्टेंबर २०१९ मध्ये एकाएकी कांदा निर्यातबंदी केली. शेख हसीना दिल्लीत येऊन हसत म्हणाल्या, आचाऱ्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवा. कळवलं? सप्टेंबर २०२० ला पुन्हा तेच, सीमेवर ट्रकातच कांदा सडला. डिसेंबर २०२३ ला पुन्हा, तेही ऐन लाल कांद्याच्या आवकेत, जो चाळीत टिकतच नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक; ते इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान करत फिरलं आणि स्वतःच्या शेतकऱ्यालाही कांदा लावायला लावला. २०२५ मध्ये त्यांनी खुश्कीच्या मार्गानं जाणारं आपलं सूत अडवलं, आपण त्यांचे कपडे अडवले. फिटंफाट! परवा लिलावात व्यापारी माझ्या ट्रॉलीपाशी आला, दोन कांदे उचलले, अंगठ्यानं साल चोळली, परत टाकले. “बांगलादेश माल उचलत नाही हो, भाऊ.” गेला पुढे. आणि मागच्या ट्रॅक्टरवरचा पठ्ठ्या मोबाइलमधून मोठ्यानं वाचत होता: ‘कांदा बंद करा, ढाका गुडघ्यावर येईल!’ त्याची स्वतःची ट्रॉली भरलेलीच उभी.

अरे, गुडघ्यावर कोण आलंय ते बघ ना! ढाकाही धुतल्या तांदळाचा नाही. तिथल्या हिंदूंवर हल्ले झाले, त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो राजदूतानं विचारावा, मंत्र्यानं विचारावा, त्याचा त्यांना पगार मिळतो. इथे शहरात भाव चढले की बंदी, आणि शेजाऱ्यानं दुसरं दुकान शोधलं की तोच गद्दार. स्टुडिओत ओरडणाऱ्यांना निदान मानधन तरी मिळतं, तुम्ही फुकट कशाला घसा फोडताय? तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी खिशातली कांदाविक्रीची हिशेबपट्टी काढून वाचा.