मामा, अळीला औषधाची सवय लागत नाही

रविवारी सकाळी सातला मामांचा फोन आला. “अगं, तो मेसेज बघितलास का? मी आज डबल डोस टाकतोय.” कोरेगाव तालुक्यात मामांचा एकरभर कोबी आहे. गड्डा धरायला लागलाय आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी काही केल्या हटत नाही. आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरत असलेला मेसेज नेमका त्याच वेळी त्यांच्या हातात पडला. त्यात लिहिलंय: अळीला औषधाची सवय झाली आहे, म्हणून डोस दुप्पट करा. तीन औषधं एका पंपात मिसळा. लागू पडत नसेल तर कंपनी बदला. कंपन्या औषध पातळ करतात. जैविक औषधाला मात्र अळी कधीच सरावत नाही. आणि खाली, ‘शेतकरीहितासाठी पुढे पाठवा’.

मी शेतकीच शिकले आहे. मी हे पुढे पाठवणार नाही. दुप्पट डोसच्या गोष्टीने तर माझा संताप झाला, म्हणून सुरुवात तिथूनच.

सवय माणसाला लागते, कारण तोच माणूस रोज तीच गोष्ट घेतो. अळीचं तसं नाही. जी मेली ती मेली, आणि जी जगली ती फवारणीच्या आधीपासूनच वेगळी होती. हजारात अशा दोन आहेत असं धरा. फवारा मारला, 998 गेल्या. उरलेल्या दोघींचे पतंग झाले आणि त्यांचीच आपसात जोडी जमली. एक मादी दीडशेच्या आसपास अंडी घालते आणि उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत पिढी पुरी होते. तेच औषध परत परत मारत राहिलं की थोड्याच पिढ्यांत सगळा प्लॉट त्या दोघींच्या लेकरांचा. आपण स्वतः निवड करून वाण तयार करावा, तसा हा प्रकार आहे.

मग डोस वाढवून त्या मरतील का? मामा वापरतात त्याच गटाच्या, म्हणजे अळीवर एकाच रीतीने काम करणाऱ्या औषधांबद्दल 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिलिपिन्स आणि थायलंडच्या कोबीवर्गीय पिकांतल्या याच अळ्या तपासल्या होत्या. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडियामाईड ही औषधं अळीच्या स्नायूंतल्या एका प्रथिनावर जाऊन बसतात, अळीचं खाणं थांबतं आणि ती लुळी पडते. या अळ्यांमध्ये त्या प्रथिनातला फक्त एक दुवा बदलला होता, आणि साध्या अळीला लागतं त्याच्या 200 पटींहून जास्त औषध देऊनही त्या दाद देत नव्हत्या. जिथं दोनशे पट पुरत नाही तिथं दुप्पट काय करणार? दुप्पट डोसचा फटका बसू शकतो तो कोटेशियाला, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीला. म्हणजे आपल्या बाजूने लढणारीच जायची भीती.

पंपात तीन औषधं मिसळण्याबद्दल एकच सांगते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर गेले. मामांच्या शेतात फवारायला माझा मामेभाऊ जातो, तोंडाला नुसता टॉवेल बांधून. असला मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाठीवर पंप घेतला आहे का?

‘कंपनी बदला’ हे ऐकायला बरं वाटतं. दुपारी मी मामांकडे गेले, गोठ्यातल्या फळीवरच्या तीन बाटल्या खाली काढल्या आणि मोबाईलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचली. तीन कंपन्या, तीन रंगांची लेबलं. दोन बाटल्यांत तेच क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, तिसरीत फ्लुबेंडियामाईड. तिन्ही एकाच गटातली. 2022 मध्ये क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलचं पेटंट संपलं, तेव्हापासून तेच औषध किती नावांनी मिळतंय बघा. मामांनी महिनाभर दुकानं बदलली. औषध एकदाही बदललं नाही. बदलायचा असतो तो गट: एका पिढीला एक, पुढच्या पिढीला दुसरा. स्पिनोसॅड, इमामेक्टिन बेंझोएट, इंडोक्झाकार्ब हे तीन वेगळे गट आहेत. लेबलवर कोबी लिहिलेला असेल तेच आणि तिथं दिलेल्या मापानेच घ्यायचं, टोपणाच्या अंदाजाने नाही.

औषध पातळ असतं, यात मात्र तथ्य आहे हे मान्य करावं लागेल. बनावट माल बाजारात येतो, आपल्याकडेही येतो. त्यासाठी पक्कं बिल घ्या, बॅच नंबर जपून ठेवा, तक्रार करा. पण प्रत्येक फसलेली फवारणी भेसळीची नसते. कोबीचं पान मेणचट असतं. मामांच्या प्लॉटवर मी साधं पाणी मारून बघितलं, थेंब पाऱ्यासारखे घरंगळून सरीत पडले. स्टिकरशिवाय, म्हणजे फवारा पानाला चिकटवणाऱ्या द्रवाशिवाय, औषध पानावर टिकणार कसं? शिवाय अंड्यातून निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरून खाते, तिथं वरचा फवारा पोचत नाही.

आणि जैविकला अळी सरावत नाही, हेही खोटं. हवाईमध्ये याच अळीने बीटी जिवाणूच्या औषधालाही दाद देणं सोडलं, त्याची नोंद 1990 सालची आहे. त्याच्याही आधी, 1953 साली, जावा बेटावरून ती डीडीटीला पुरून उरल्याचं प्रसिद्ध झालं होतं. हिला तोंड द्यायचं तर एकट्या बाटलीवर भागत नाही.

मामा, या प्लॉटला आता वेगळ्या गटाची फवारणी करा, स्टिकर घालून, संध्याकाळी. पुढच्या लागणीला मात्र मोहरी विसरू नका. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने सांगितलेली पद्धत आहे: कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली लागणीच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढला जातो. बियाणं मी शनिवारी येताना घेऊन येते.