खुलासा: 'स्टार ट्रेक' एका भागामुळे बंद पडली नाही

'स्पॉक्स ब्रेन' हा भाग इतका भिकार निघाला की अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने पुढच्याच आठवड्यात 'स्टार ट्रेक' ही अंतराळ मालिका गुंडाळली, असा मेसेज फिरतोय. तसं झालेलं नाही. हा तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग, २० सप्टेंबर १९६८ चा. प्रक्षेपणाच्या तारखा बघा: त्यानंतर आणखी २३ भाग दाखवले गेले, शेवटचा ३ जून १९६९ ला. मालिकेला नडली ती शुक्रवारी रात्री दहाची वेळ (तरुण प्रेक्षक तेव्हा घरी कशाला बसतोय!) आणि कापलेलं बजेट.

'लेखक नवखा होता' हेही चूक. या भागाचे लेखक म्हणून ज्यांचं नाव येतं ते ली क्रोनिन म्हणजे मालिकेचे आधीचे निर्माते-लेखक जीन कून, हे त्यांचं टोपणनाव. क्लिंगॉन ही परग्रहावरची शत्रू जमात मालिकेत आणली ती त्यांनीच.

भाग फसलाय, हे मलाही मान्य. मेंदू काढून नेलेला यानावरचा अधिकारी स्पॉक डॉक्टर मॅकॉयच्या हातातल्या बटणांवर चालतो, तेव्हा हसू आवरत नाही. पण मेंदू परत बसवण्याचं ऑपरेशन अर्ध्यावर असताना मॅकॉयची यंत्राकडून मिळालेली उसनी विद्या ओसरू लागते आणि टेबलावरचा स्पॉकच त्याला पुढचं सांगतो, ही कल्पना झकास आहे. नावं खुशाल ठेवा. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर तिथे या तारखा टाका.